बालशिक्षणाच्या आद्य सेविका कै. ताराबाई मोडक

आपल्या स्मरणिकेत प्रतिवर्षी एका थोर व्यक्तीचे चरित्र देण्याचा प्रघात आहे व तो स्तुत्य आहे. यंदा हे काम संपादक मंडळाने मजसारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या निवृत्त प्राथमिक शिक्षकावर सोपविले, तेव्हा मी संत गाडगेमहाराज किंवा डॉ. पंजाबराव देशमुख यांपैकी कोणाविषयी तरी लिहीन अशी मंडळींची अपेक्षा असावी. ती नावे वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहेत. मी मुद्दाम असे नाव निवडले आहे, की जे शेंबड्या पोरांसाठीच आयुष्यभर झिजले आणि तरीही आपल्याकडे फारसे कोणाच्या ओठांवर नाही. कै. ताराबाई मोडक यांच्या आयुष्यातील काही वर्षे आपल्या अमरावती शहरात गेली, ही गोष्ट अमरावतीकरांपैकीही थोड्यांनाच माहीत असेल. त्या कोणत्या ज्ञातीच्या होत्या हा प्रश्न येथे गौण आहे. त्यांनी ज्या मुलांना मांडीवर घेतले त्यांची ज्ञाती त्यांनी कधी विचारली नाही.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईस झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजाच्या कार्यकर्त्यांपैकी एक. घरात सुधारणेचे वारे होते, मुलीने शिकावे की शिकू नये हा वादच त्या घरी नव्हता. त्यामुळे ज्या काळी मुलीला चौथी इयत्ता झाली की तिचे शिक्षण संपले असे सर्वत्र मानले जाई, त्या काळी ताराबाई महाविद्यालयात गेल्या आणि १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. त्यानंतर अमरावतीचे वकील श्री. मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या वऱ्हाडात आल्या.

त्या वेळची अमरावती म्हणजे कापसाची बाजारपेठ आणि वकिलांचे गाव. १८९७ साली येथे राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरून गेले होते. दादासाहेब खापर्डे, रंगनाथपंत मुधोळकर, मोरोपंत जोशी अशी दिग्गज मंडळी वकिली व राजकारण दोन्ही गाजवीत होती. बडनेऱ्याहून आलेल्या आगगाडीच्या फाट्यावर सरकी-रुईच्या गाठी चढत-उतरत असत आणि जिनिंग कारखान्यांच्या आवारात बायाबापड्या रुई वेचीत. त्यांची लेकरे तेथेच ढिगाऱ्याच्या आडोशाला निजत. अशा या गावी पदवीधर वकीलपत्नी म्हणून ताराबाईंना प्रतिष्ठेचे, सुखवस्तू आयुष्य लाभण्यास काहीच हरकत नव्हती. परंतु तो संसार टिकला नाही. १९२१ साली विवाहसंबंध संपुष्टात आला आणि ताराबाईंनी अमरावती सोडली. त्यांची कारणे शोधीत बसणे मला अप्रस्तुत वाटते. एवढेच ध्यानात घ्यावे की, शंभर वर्षांपूर्वी पतीपासून विभक्त झालेल्या स्त्रीला समाजात कोठेही सरळ उभे राहता येत नसे आणि पदरी लहान कन्या असेल तर तिची वाट अधिकच बिकट होई. तिने माहेरी एखाद्या खोलीत दिवस काढावेत, हीच तिच्याकडून अपेक्षा. ताराबाईंनी ती पुरी केली नाही. त्यांनी नोकरी पत्करली.

राजकोट येथे स्त्रीशिक्षिका तयार करणारे बार्टन ट्रेनिंग कॉलेज होते. त्याच्या प्राचार्यपदी ताराबाईंची नेमणूक झाली. मानाची जागा, चांगले वेतन, संस्थानी थाट. परंतु त्यांच्यापुढे घरातला एक साधा प्रश्न होता : आपल्या कन्येला शिक्षण कोठे व कसे द्यावे? पाच-सहा वर्षांच्या आतील बालकास शाळेत घातले तर तेथे छडी व घोकंपट्टी, घरी ठेवले तर कोणाचेच लक्ष नाही. ही अडचण त्या काळच्या प्रत्येक सुशिक्षित आईची होती. बहुतेक मातांनी ती सोसली, ताराबाईंनी तिचा पाठपुरावा केला. त्या शोधात त्यांना भावनगरच्या गिजुभाई बधेका यांचे कार्य समजले.

गिजुभाई हेही मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसे शिकवावे या चिंतेतूनच ते बालशिक्षणाकडे वळले होते. नानाभाई भट्ट यांनी स्थापिलेल्या दक्षिणामूर्ती विद्यार्थी भवनात ते १९१६ साली दाखल झाले आणि १९२० साली त्यांनी तेथे बालमंदिर सुरू केले. गुजरातेत लोक त्यांना प्रेमाने मिशावाली आई म्हणत. १९२३ साली ताराबाई राजकोटची प्राचार्यपदाची खुर्ची सोडून भावनगरच्या बालमंदिरात काम करण्यास गेल्या. प्राचार्या असलेली बाई बालवर्गाची शिक्षिका होते, याला आजही पुष्कळ लोक अधोगती म्हणतील. आपल्या शिक्षणखात्यात पहिलीचा वर्ग हा नवख्या शिक्षकाकडे किंवा ज्याच्यावर साहेबांची मर्जी नाही त्याच्याकडे देण्याची रीत मी हयातभर पाहिली आहे. तेव्हा ताराबाईंच्या या एका निर्णयाचे मोल प्राथमिक शिक्षकाला जितके कळेल तितके इतरांस कळणार नाही.

भावनगरात जी पद्धती अमलात येत होती तिचा उगम इटलीत होता. डॉ. मारिया मॉन्टेसरी या विदुषीने १९०७ साली रोम शहराच्या सान लोरेंझो या मजूरवस्तीत पहिले बालगृह उघडले. ही गोष्ट आपल्याकडे विसरली जाते, म्हणून सांगतो, की ते बालगृह श्रीमंतांच्या मुलांचे नव्हते. आईबाप कामावर गेले असता जी पोरे चाळीत उंडारत त्यांच्यासाठी ते होते. बाईंना असे दिसून आले की, तीन ते सहा वर्षांचे मूल कोणी न सांगता काम करते, एकच काम पुनःपुन्हा करते आणि त्यातच त्याची बुद्धी आकारास येते. म्हणून त्यांनी त्या वयाच्या हाताला शोभतील अशी साधने तयार केली. लहानमोठ्या खाचांत नेमके बसणारे लाकडी दट्टे, एकावर एक रचण्याचा गुलाबी मनोरा, बटने लावण्याच्या चौकटी, खरखरीत कागदाची अक्षरे, ही ती साधने होत.

यात खेळ कोठला आणि शिक्षण कोठले, असे पालक विचारतात. मी त्यांना पहिलीच्या वर्गातले उदाहरण देत असे. मुलाच्या हाती पेन्सिल द्या. ज्याच्या अंगठ्याने आणि दोन बोटांनी आधी शेंगा सोलल्या आहेत, मणी ओवले आहेत, चिखलाचे बैल केले आहेत, त्याची पेन्सिल कागदावर सहज चालते. ज्याने यातले काही केलेले नाही, ते मूल पेन्सिल मुठीत आवळते, कागद फाडते, आणि गुरुजी त्यास मंद समजतात. अंकांचेही तसेच. चिंचोके आणि गुंजा वेगवेगळ्या ढिगांत घालता येणे, कोणता ढीग मोठा ते नुसत्या नजरेने ओळखणे, एका वाटीत एकच दाणा टाकीत जाणे, हे ज्यास जमले त्याला एक-दोन-तीन शिकविण्यास आठवडाही लागत नाही. हे न जमता शंभरपर्यंत उजळणी म्हणणारी मुले मी शेकडो पाहिली, आणि सात गोट्या मोजून दे म्हटले की ती गोंधळून जात. भाषेबद्दल तर बोलायलाच नको. गोष्ट ऐकणे, ऐकलेली गोष्ट आपल्या घरच्या बोलीत पुन्हा सांगणे, हात धुताना, पाणी वाढताना त्या त्या कामाचे शब्द कानी पडणे, हे सहा वर्षांच्या आत व्हावे लागते. शिक्षक पहिलीत जे बी पेरतो ते या नांगरटीवर.

भावनगरच्या वर्षांत ताराबाई या शास्त्रात पारंगत झाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. गिजुभाईंची शिक्षणपत्रिका गुजरातीत निघे, तिची मराठी आवृत्ती ताराबाईंनी चालविली आणि मराठी मातांना समजेल अशा घरगुती भाषेत हट्ट, शिस्त, खोटे बोलणे, जेवणाची कुरकुर अशा विषयांवर सातत्याने लिहिले. मुलाला मारू नये, हा विचार त्या काळी किती जगावेगळा वाटला असेल याची कल्पना आजच्या तरुण पालकांना येणार नाही. पुढे त्या मुंबईस परतल्या आणि १९३६ साली दादर येथे शिशुविहार सुरू झाले. त्याला जोडून बालशिक्षिकांना तयार करणारे अध्यापन मंदिर निघाले. १९३९ हे साल दोन कारणांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या जूनमध्ये गिजुभाई निवर्तले आणि वर्षअखेरीस खुद्द मॉन्टेसरीबाई मद्रासला अड्यार येथे आल्या. महायुद्धामुळे त्यांचा मुक्काम लांबला व देशभर त्यांच्या पद्धतीचा बोलबाला झाला.

येथे थांबल्या असत्या तरी ताराबाईंचे नाव राहिले असते. दादरचे शिशुविहार नावाजले होते, मध्यमवर्गीय पालक आपली मुले तेथे आनंदाने घालीत होते. परंतु एक काटा राहून गेला होता. रोमच्या मजूरवस्तीत जन्मलेली पद्धती हिंदुस्थानात येता येता शहरी व खर्चिक झाली होती. सुबक लाकडी साधने, रंगीत टेबले, फी. १९३१ साली महात्माजी गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले असता तेथील मॉन्टेसरी शिक्षिकांच्या वर्गाला त्यांनी भेट दिली. हे शिक्षण गरिबांच्या लेकरांपर्यंतही पोचावे, अशी अपेक्षा त्यांनी तेव्हा व्यक्त केली होती. १९३७ साली वर्ध्यास बुनियादी शिक्षणाची योजना झाली, पण ती सात वर्षांपासून पुढची. त्या आधीच्या वयाचा विचार १९४५ च्या आरंभी सेवाग्रामच्या परिषदेत पुढे आला. आपल्या विदर्भाच्याच भूमीत हा विचार झाला, हे आपण अभिमानाने सांगावे. तथापि विचार मांडणे निराळे आणि खेड्यातल्या नागड्या, नाक गळणाऱ्या पोराला कडेवर घेऊन त्याचा प्रयोग करणे निराळे.

तो प्रयोग ताराबाईंनी केला. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या मुंबई सोडून ठाणे जिल्ह्याच्या (आताच्या पालघर जिल्ह्याच्या) समुद्रकाठी बोर्डी या गावी गेल्या आणि तेथे ग्रामबालशिक्षा केंद्र काढले. बोर्डीस आचार्य भिसे यांच्यासारखे शिक्षक आधीपासून कार्य करीत होते. त्यामुळे गाव अगदी अपरिचित नव्हते, परंतु भोवतालचा डहाणू-तलासरीचा मुलूख वारली आदिवासींचा, जमीनदार व जंगल ठेकेदारांच्या जाचाने पिचलेला. त्याच वर्षी गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने तेथे वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा लढा पेटला होता. अशा ठिकाणी बालशिक्षणाची भाषा बोलणे कित्येकांना हास्यास्पद वाटले असल्यास नवल नाही. पोटाला नाही तेथे गुलाबी मनोरा कशाला?

याच वर्षी ताराबाईंना एक अशी सहकारी मिळाली की जिच्यावाचून पुढची कथा घडलीच नसती. अनुताई वाघ, जन्म १९१०, बालविधवा, पुण्यात हुजूरपागेच्या शाळेत शिक्षिका. बोरिवली येथील शिबिरात दोघींची गाठ पडली आणि अनुताई पुण्याची कायम नोकरी सोडून बोर्डीस आल्या. एकीचा संसार मोडलेला, दुसरीचा सुरू होण्याआधीच संपलेला. आपल्या समाजात अशा स्त्रियांना शुभकार्यात पुढे येऊ न देण्याची दुष्ट चाल होती व ती पुरती गेली आहे असे छातीठोकपणे म्हणवत नाही. त्या दोघींनी हजारो लेकरांचे आईपण केले.

बोर्डीत बालवाडी उघडली. गावातील मुले आली, वस्तीवरची आली नाहीत. कशी येणार? आईबाप पहाटे मजुरीला जात. पाच-सात वर्षांची बहीण धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घर राखी. अंगावर धड कापड नाही. बालवाडीची इमारत त्या पोरांना कचेरीसारखी परकी. पुष्कळ संस्थाचालक अशा वेळी पालकांच्या अज्ञानाला दोष देऊन मोकळे होतात. ताराबाईंनी उलट केले. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडी मुलांच्या अंगणात गेली. झाडाखालची किंवा झोपडीपुढची जागा झाडून घ्यायची, पोरे गोळा करायची, त्यांची तोंडे धुवायची, केस विंचरायचे, नखे काढायची, मग गाणे, गोष्ट, खेळ. हीच अंगण-बालवाडी. अंघोळ आणि वेणीफणी हाही शिक्षणाचाच भाग मानला होता. आपले अंग आपण स्वच्छ करणे, ओळीत थांबणे, दुसऱ्याला आधी पाणी देणे हे त्या वयाचे खरे पाठ होत.

१९५७ च्या सुमारास, पासष्टीत, ताराबाईंनी आपले केंद्र बोर्डीहून आत, कोसबाडच्या टेकडीवर हलविले. आपल्यापैकी बहुतेक जण त्या वयात पेन्शनीचे कागद आणि गुडघ्यांचे तेल यांत गुंतलेले असतात. कोसबाडला ऐन आदिवासी पाड्यांच्या मध्ये बसून त्यांनी बालशिक्षणाला देशी रूप दिले. इटलीच्या दट्ट्यांच्या जागी बिया, शंखशिंपले, दगडगोटे, बांबूच्या कांड्या, झाडांची पाने, माती हीच साधने झाली. रंग ओळखायचे ते फुलांवरून, जाडबारीक ओळखायचे ते काटक्यांवरून. पैसा वाचला हा भाग आहेच, पण त्याहून मोठे असे की, मुलाला घरात व रानात जे रोज दिसते तेच शाळेत भेटले. मुलाच्या बोलीला तेथे हिणवले जात नव्हते. वारली बोलीतून हळूहळू मराठीकडे नेण्याची रीत होती.

कोसबाडलाच विकासवाडीचा प्रयोग झाला. तान्ह्यांचे पाळणाघर, मधल्यांची बालवाडी आणि मोठ्यांची प्राथमिक शाळा ही तिन्ही एका छपराखाली. यातील हिशेब बारकाईने पाहण्यासारखा आहे. पाळणाघरात धाकटे भावंड सांभाळले गेले म्हणजे मोठ्या बहिणीचा हात मोकळा होतो आणि ती वर्गात बसू शकते. जी मुले गुरे राखायला जात व म्हणून कोणत्याच शाळेत येऊ शकत नसत, त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरविली, तिला कुरणशाळा म्हणत. गुरे चरत आहेत आणि झाडाखाली अक्षरओळख चालली आहे, हे दृश्य पाहण्यास शिक्षणतज्ज्ञ दुरून येत असत.

विकासवाडीचा हिशेब मी मुद्दाम मांडला. अमरावती-अकोल्याच्या खेड्यांत मी जी वर्षे काढली त्यांत निंदणाचा हंगाम आला की पटावरच्या मुली गळत. पऱ्हाटीत बाई निंदायला वाकली आहे, बांधावरच्या बाभळीला झोळी टांगली आहे आणि झोळीला झोका देत तिसरीतली पोर बसली आहे, हे चित्र कोणा वऱ्हाडी माणसाने पाहिले नाही? आम्ही हजेरीपुस्तकात त्या मुलीपुढे गैरहजर असे लिहीत असू. ती खरे तर त्या गावातले एकमेव पाळणाघर चालवीत होती. उलटपक्षी शहरात निराळाच अनर्थ. अकोल्यात किंवा अमरावतीत मॉन्टेसरी नावाच्या पाट्या गल्लोगल्ली दिसतात. त्यांतील कित्येक ठिकाणी साडेतीन वर्षांच्या मुलाला गृहपाठ असतो, इंग्रजी अक्षरे गिरवायची असतात, प्रवेशासाठी त्याची परीक्षा घेतात. ताराबाईंनी ज्या छडीविरुद्ध लेखणी झिजविली तीच आता रंगीत भिंतींच्या आड गेली आहे, असे मला वाटते. कोणास हे कठोर वाटल्यास माझा इलाज नाही.

आपल्या संघटनेपुरते बोलायचे तर दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार आपण थाटाने करतो, वसतिगृहासाठी वर्गणी काढतो. ते चालू राहावेच. परंतु आपले सभागृह लग्नसराईखेरीज सकाळी रिकामे असते आणि त्याच्या मागल्या वस्तीतील आया सातलाच कामावर निघतात. तीन तासांची बालवाडी व एक पाळणाघर तेथे चालविण्यास एक सतरंजी, पाण्याचा माठ, डबाभर चिंचोके आणि शिकलेल्या दोन भगिनी एवढेच लागेल. कार्यकारिणीने हा विषय येत्या वार्षिक सभेपुढे घ्यावा, अशी माझी विनंती आहे. वस्तीतील मूल आपल्या ज्ञातीचे आहे की नाही, हे मात्र तेथे पाहिले जाऊ नये.

ताराबाईंना मानसन्मान मिळाले. स्वातंत्र्याच्या आसपासच्या काळात त्या मुंबई विधिमंडळाच्या सभासद होत्या. १९६२ साली राष्ट्रपतींनी त्यांना पद्मभूषण किताब दिला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. योगायोग असा की, ३१ ऑगस्ट हा मॉन्टेसरीबाईंचा जन्मदिवस.

त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ गटांत सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव पडले. बोर्डीच्या अंगण-बालवाडीशी त्या नावाचे नाते सांगावे लागत नाही. महाराष्ट्रातील अगदी पहिल्या प्रकल्पांत मुंबईची धारावी होती आणि दुसरे नाव होते आपल्या अमरावती जिल्ह्यातील, मेळघाटचे धारणी. २००२ च्या घटनादुरुस्तीने सहा वर्षांखालील बालकांची काळजी व शिक्षण हे राज्याचे धोरण ठरले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ हा वयोगट शिक्षणाचा पायाभूत स्तर मानला. धोरणे आली, परंतु मेळघाटातील कोरकू मुलाला त्याच्या बोलीत गोष्ट सांगणारी, वजनकाटा, खिचडी व नोंदवह्या सांभाळून पुन्हा पोरांत बसणारी अंगणवाडी सेविका अजूनही तुटपुंज्या मानधनावर राबते आहे.

कोसबाडचे काम ताराबाईंच्या मागे बंद पडले नाही. अनुताईंनी ते पुढे एकोणीस वर्षे वाहिले. १९८५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्याही गेल्या.